कुपीतल्या टोप्या

१

कुपी जेमतेम बोटभर उंचीची होती, पण तिच्यापायी अख्खी संस्था आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नव्हती. संचालकांनी ती टेबलावर ठेवली, तिच्याभोवती स्वतःचा चष्मा, पेन आणि चहाचा कप सरकवून जागा केली, आणि बाईंकडे असं पाहिलं की जणू हा पसारा बाईंनीच मांडला होता.

"चौकशी तुम्हीच करा," ते म्हणाले.

बाईंना हे वाक्य पाठ झालं होतं. त्या संस्थेच्या मानके विभागाच्या प्रमुख. वजनकाटे खरं सांगतात की खोटं, मोजपात्रं फुगवून मापतात की काय, हे बघणं त्यांचं काम. पण काट्यांचा खरेखोटेपणा जिला कळतो तिला माणसांचाही कळत असणार, असा कोणीतरी कधीतरी शोध लावला, आणि तेव्हापासून सभागृहातल्या खुर्च्या गायब झाल्या तरी बाई, पंप जळाला तरी बाई. खुर्च्या शेवटी संचालकांच्याच घरी सापडल्या होत्या, तेव्हापासून तर बाईंना चौकशी या शब्दाचाच वीट आला होता.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या त्या टोपीवालीने फसवलंय."

टोपीवाली म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची संशोधक. हे नाव तिला तिच्या कामावरून पडलं होतं. सोयाबीनसारख्या वनस्पतींत एक रेणू असतो. तो बाईमाणसाच्या शरीरातल्या इस्ट्रोजेनची बेमालूम नक्कल करतो. पेशीत इस्ट्रोजेनसाठी एक ग्राही असतो, म्हणजे त्या संप्रेरकाची वाट बघत बसलेलं एक प्रथिन. या वनस्पतीच्या रेणूला दोन टोकांना दोन आकडे असतात. त्या आकड्यांनी तो ग्राहीत अडकतो, आणि ग्राही जागा होऊन पेशीला कामाला लावतो. टोपीवाली त्या आकड्यांवर निरनिराळ्या टोप्या चढवायची आणि ग्राही किती गप्प बसतो ते पाहायची. तिचा सगळा प्रबंध एवढ्यावर उभा होता: दोन्ही आकडे झाका, ग्राही झोपेल, टोप्या काढा, ग्राही जागा होईल.

"हिने सांगितलं, नवीन प्रकारची जाडजूड टोपी चढवली, दोन्ही आकड्यांवर," संचालक म्हणाले. "पेशींना दिलं तर पेशी दिवाळीसारख्या उजळल्या. मग कुपीत उरलेलं यंत्रात घातलं. आत टोपीबिपी काही नाही. बाजारात मिळतो तोच मूळ रेणू. आपल्याच कोठीतला. म्हणजे हिने काही केलंच नाही, कोठीतली पूड कुपीत भरली आणि पुढे ढकलली."

"तिच्याकडे शिल्लक नमुना असेल."

"चिमूटभरच बनला होता म्हणते, सगळा दिला. सोयीचं आहे, नाही?" त्यांनी कप उचलला. "सोमवारी मंडळ बसतंय. तिचं नाव कापायचं ठरलंच आहे. तुमचा अहवाल आला की झालं."

नाव कापलं म्हणजे पदवी गेली, जागा गेली, आणि असला शिक्का बसलेल्या माणसाला दुसरी कुठलीही प्रयोगशाळा दारात उभं करत नाही. बाईंनी कुपी उचलली. तळाशी थोडं गढूळ पाणी होतं, आणि पोटाभोवती एक पट्टी चिकटवली होती. पट्टीवर तिरप्या काळ्या रेघा आणि पेनाने लिहिलेलं 'टोपी, नवी'.

"ठरलंच असेल तर मला कशाला बोलावलंत?" बाई म्हणाल्या.

"नियमात आहे," संचालक म्हणाले.

२

कोठीवाल्या अण्णांनी बाईंना पाहताच कानावर हात ठेवले.

"किल्ली माझ्याकडे, कपाट माझ्या ताब्यात, म्हणजे चोर मी. लिहून टाका."

"अण्णा, मी अजून तोंडही उघडलेलं नाही."

"तुम्ही नाही, पण बाकी सगळ्यांनी उघडलंय. त्या पोरीने मूळ पुडीतलं थोडं नेलं, हे मीच संचालकांना सांगितलं, ते चुकलं माझं. अहो, नेणारच ना? रेणू नसेल तर टोपी चढवायची कोणाच्या डोक्यावर?"

हे आजवर कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, आणि यातच बाईंचं डोकं तापायला सुरुवात झाली. टोपीवालीने दिलेली कुपी अण्णांनी रात्री कुलपात ठेवली होती आणि सकाळी पेशी वाढवणाऱ्या मामांच्या हातात दिली होती. मध्ये कोणी आलं नव्हतं. आत कोरडी पूड होती, पांढरी. मूळ रेणू पिवळट असतो, हे अण्णा जाता जाता म्हणाले, आणि पांढऱ्या-पिवळ्याची खात्री त्यांच्या चष्म्यावर देता येत नाही, हेही त्यांनीच वर सांगितलं. बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

यंत्रवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. थंड खोलीत स्वेटर घालून बसलेला हा गृहस्थ विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा, आणि त्याच्या पुढे एक अक्षर नाही.

"कुपीत मूळ रेणू आहे का, असं विचारलं होतं. आहे."

"आणखी काय आहे?"

"ते विचारलं नव्हतं."

"आता मी विचारतेय."

"तुमचा अर्ज आहे का?"

त्यांनी आलेख मात्र दाखवला. एकच उंच शिखर, बाकी सगळं सपाट. बाईंचं उभं आयुष्य आलेख बघण्यात गेलं होतं. आलेखाचा तळ नको इतका स्वच्छ दिसत होता.

"खालचा भाग कापलाय तुम्ही."

"कचरा असतो तिथे. वाचणाऱ्याला त्रास नको."

"पुढच्या वेळी मला त्रास होऊ दे," बाई म्हणाल्या आणि दार लोटून निघाल्या. अर्ज भरायचा होता.

३

पेशीमामांच्या खोलीत शिरायचं म्हणजे एक संस्कारच होता. चपला बाहेर, आतली पायताणं वेगळी, हात कोपरापर्यंत धुवायचे, नाकातोंडावर कापड, आणि तरीही मामा दारात उभे राहून पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे. पेशींना भाच्यांसारखं जपायचे म्हणून त्यांना सगळे मामा म्हणत. ग्राही जागा झाला की उजळायच्या अशा खास पेशी त्यांनी वर्षानुवर्षं वाढवल्या होत्या, आणि मध्यंतरी त्यांच्यात बुरशी शिरली होती. सगळ्याच्या सगळ्या टाकाव्या लागल्या. मामा त्या दिवशी जेवले नव्हते, आणि तेव्हापासून ते बुरशीच्या नावानेही दचकत.

"मला त्या पोरीचं फार वाईट वाटतं," मामा म्हणाले, आणि ते खरं होतं. "पण माझ्या पेशी खोटं बोलत नाहीत. दिव्यांसारख्या उजळल्या. मूळ रेणू असल्याशिवाय असं व्हायचं नाही."

"तुम्ही नमुन्याला काय काय केलंत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"पूड आली, त्याच कुपीत पेशींचं खारपाणी घातलं, हलवलं, वर नाव लिहिलं, पेशींना दिलं. उरलेलं यंत्रवाल्यांना. बाई, स्वच्छतेपलीकडे मी कशालाही हात लावत नाही. तुम्ही ओळखता मला."

बाई ओळखत होत्या. मामा खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. टेबलावर सगळं ओळीत मांडलेलं: खारपाण्याच्या बाटल्या, कापूस, मळकट पांढऱ्या चिकटपट्टीचं नवंकोरं भेंडोळं. तसल्या टेबलावर खोटं ठेवायलाही जागा नव्हती.

"खारपाण्यात काय असतं?"

"मीठ, साखर, थोडा खाण्याचा सोडा. पेशींना रुचेल असं," मामा म्हणाले, आणि बाईंच्या कोपरामुळे सरकलेली बाटली त्यांनी पुन्हा ओळीत लावली.

आता एकच माणूस उरलं होतं. टोपीवाली आपल्या जागी बसून काचेची भांडी कागदात गुंडाळत होती. खोक्यात अर्धं सामान भरलं होतं. बाईंनी स्टूल ओढलं.

"सोमवार अजून यायचाय. आत्तापासून काय बांधाबांध?"

"चौकशीची गरज नाही, बाई," ती म्हणाली. "मघाशी मी संचालकांना सांगून आले."

"काय सांगितलंस?"

"मीच बदललं म्हणून."

४

बाईंना सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर या वाक्याचा. अण्णांची कुरकुर, यंत्रवाल्यांचा अर्ज, संचालकांचा नियम, सगळं त्यांनी गिळलं होतं. पण ही पोरगी स्वतःच्याच हाताने दोर कापून बसली होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "कसं बदललंस?"

"म्हणजे?"

"चोराला चोरी सांगता येते. तू सांग. मूळ पूड कधी भरलीस? आणि खरी पूड कुठे टाकलीस?"

ती हातातलं भांडं पुन्हा पुन्हा गुंडाळत म्हणाली, "रोज तोच प्रश्न, बाई. सकाळी संचालक, दुपारी कोणीतरी, जेवताना शेजारच्या टेबलावरचे. आधी मी नाही नाही म्हणत होते. मग मलाच वाटायला लागलं की कदाचित चमचा चुकला असेल. दोन्ही पुड्या शेजारी होत्या. मी थकले होते त्या दिवशी. माझ्या हातून झालंच नसेल असं मी कशावरून म्हणू?"

"चुकून झालं असेल, आणि मीच बदललं, यात फरक आहे."

"हो म्हटल्यावर ते विचारायचे थांबले," ती म्हणाली.

या मुलीचा हात त्यांनी पाहिला होता. वजनकाट्यावर पूड घेताना ती श्वास रोखायची. तिच्या हातावर संस्थेतल्या कुठल्याही काट्याइतका बाईंचा भरवसा होता, आणि आठवडाभरात या लोकांनी तिचा स्वतःचाच भरवसा घालवला होता.

"खोकं तसंच ठेव," त्या उठत म्हणाल्या. "अजून तरी तुझी कबुली मला पटलेली नाही."

जिन्यात त्यांनी खिशातून कुपी काढून पुन्हा पाहिली. 'टोपी, नवी', अक्षर मामांचं. खाली तिरप्या काळ्या रेघा. मामांच्या टेबलावरची पट्टी त्यांच्या डोळ्यासमोर आली. तीच रुंदी, तोच मळका रंग, पण तिच्यावर रेघ एकही नव्हती.

बाई दोन-दोन पायऱ्या चढत परत गेल्या. चपला काढायच्याही राहिल्या, आणि मामा ओरडायच्या आत त्यांनी कुपी पुढे केली.

"मामा, या पट्टीवर रेघा कुठून आल्या?"

"त्या उमटतात," मामा म्हणाले. "वाफ लागली की. म्हणजे लक्षात राहतं, काय निर्जंतुक झालंय आणि काय नाही. बाई, चपला."

"म्हणजे ही कुपी वाफेच्या भांड्यातून निघालीय."

"अर्थात. या खोलीत येणारी प्रत्येक गोष्ट निघते."

"आणि तुम्ही मला सांगितलंत, नमुन्याला काही केलं नाही."

मामा खरोखरच बुचकळ्यात पडले. "पण ते काही करणं नाही, बाई. ती स्वच्छता आहे."

५

मामांना पटवायला बाईंची अर्धी दुपार गेली. ते आपल्या जागी ठाम होते, आणि त्यांच्या मते त्यांच्याकडे पुरावाही होता. आधी ते नमुने बारीक गाळणीतून गाळायचे, पण बुरशीनंतर गाळणीवरचा विश्वास उडाला. तेव्हापासून टोपीवालीचे सगळे नमुने वाफेतून गेले होते, आणि ते पेशींना दिल्यावर पेशी अंधारात गप्प बसल्या होत्या. वाफेने बिघडायचं असतं तर ते आधी नसते का बिघडले?

"आधीची टोपी वेगळी होती," बाई म्हणाल्या. "मिथिलची. ती आकड्याला शिवल्यासारखी पक्की असते. उकळा, वाफवा, सुटत नाही. ही नवी टोपी टाचणीने लावल्यासारखी. पेशींना कुरतडता येऊ नये म्हणून तिने ती जाड घेतली, पण टाचणी ती टाचणीच. साध्या पाण्यात टिकली असती. तुम्ही ती सोड्यात घातलीत."

"खाण्याचा सोडा, बाई. त्याने काय होणार?"

"खाण्याचा सोडा पाण्यात तापवलात की त्यातला वायू उडून जातो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. वाफेच्या भांड्यात, दाबाखाली. असल्या पाण्यात ही टाचणी किती वेळ राहील?"

मामा खाली बसले. चेहरा पडला त्यांचा. पण बाईंना अजून समाधान नव्हतं. असं होऊ शकतं, हे एक. असंच झालं, हे दुसरं. संचालक नेमके या फटीतून निसटले असते. ते म्हणाले असते, हिची रासायनिक क्रिया मुळातच फसली होती, टोपी चढलीच नव्हती.

म्हणून त्या यंत्रवाल्यांकडे गेल्या, अर्ज भरून.

"खालचा कचरा दाखवा," त्या म्हणाल्या.

कापलेला तळ पडद्यावर आला. उंच शिखराच्या शेजारी एक बुटकं शिखर होतं, फुंकर मारली तर मोडेल इतकं. यंत्रवाल्यांनी शेजारच्या यंत्रावर त्याचं वजन काढलं. मूळ रेणू, अधिक एक टोपी.

"एका आकड्यावरची टोपी गेलेला, दुसऱ्यावरची राहिलेला," बाई म्हणाल्या. "बाजारातल्या पुडीत असला प्राणी असतो का?"

"नसतो. पण अर्धवट क्रियेत असू शकतो," यंत्रवाले म्हणाले. विचारलं नव्हतं तरी पुढचंही बोलले, आणि बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "टोप्या उतरल्या असतील, तर त्या गेल्या कुठे?"

प्रश्न इतका साधा होता की बाईंना स्वतःचाच राग आला. कुपी वायू निसटेल एवढीच सैल होती, पाणी सांडलं नव्हतं. वाफेच्या भांड्यात गेली तशी बाहेर आली. टोप्या उतरल्या असतील तर त्या त्याच पाण्यात पडलेल्या असणार, एक ना एक.

"तुमच्या यंत्राला त्या का दिसल्या नाहीत?"

"हे यंत्र प्रकाशाने बघतं. सुट्या टोप्या प्रकाश शोषत नाहीत. त्यांना चुंबकाच्या यंत्रात घालावं लागेल." ते जरासे अडखळले. "त्याचा अर्ज मी भरतो."

६

संचालकांच्या खोलीत सगळे उभे होते, कारण बसा असं कोणी म्हणालं नव्हतं. अण्णा, मामा, यंत्रवाले, आणि दाराला टेकून टोपीवाली.

"कबुली आलेली आहे," संचालक म्हणाले. "आता आणखी काय?"

"कबुली खोटी आहे," बाई म्हणाल्या. "ती म्हणते, मूळ पूड भरली. मूळ पूड भरली असती तर कुपीत टोप्या नसत्या. क्रिया फसली असती तरीही नसत्या, कारण चढल्या नाहीत त्या टोप्या ती शेवटी धुऊन टाकते, आणि मामांकडे कोरडी पूड जाते. या पाण्यात सुट्या टोप्या सापडल्यात. मोजल्या. अजून डोक्यावर राहिलेल्या धरून, दर रेणूमागे दोन. कमी नाही, जास्त नाही. म्हणजे वाफेत जाण्याआधी प्रत्येक रेणूच्या दोन्ही आकड्यांवर टोपी होती. इतकी स्वच्छ क्रिया मी तरी या संस्थेत पाहिलेली नाही."

मामांनी घसा साफ केला. "तिने पुन्हा बनवून दिलं, बाईंच्या समोर. मी अर्धं गाळणीतून गाळून दिलं, अर्धं वाफवून. गाळलेल्याने पेशी अंधारातच राहिल्या. वाफवलेल्याने उजळल्या." मग ते टोपीवालीकडे वळले. "चूक माझी आहे, पोरी. पेशींच्या काळजीत मी तुझं वाटोळं करत होतो."

तिने मान हलवली, पण ती कोणाकडेच बघत नव्हती.

"म्हणजे," संचालक हळूहळू खुलत म्हणाले, "टोपी असताना ग्राही गप्प, काढल्यावर जागा. एकाच कुपीत दोन्ही बाजू सिद्ध. अरे, हा तर आपल्या संस्थेचा मोठाच शोध झाला. कोणी मुद्दाम काही केलं नाही, गैरसमज होता, तो मिटला. चला, कामाला लागा."

बाई हलल्या नाहीत. आठवडाभराचा सगळा वैताग आता एका जागी गोळा झाला होता.

"तुम्ही हे कोणाकोणाला सांगितलं होतं?"

"काय?"

"ही फसवते, हे."

संचालकांनी चष्मा पुसायला घेतला. "दोन-चार प्रयोगशाळांत बोललो असेन फोनवर. मंडळींना सावध करणं माझं कर्तव्य होतं. आता कळेलच त्यांना, निबंध छापून आला की."

"निबंध छापून यायला वर्ष लागेल. तोवर ती त्यांच्या दारात उभी राहिली तर?"

"बाई, नियमात असं कुठे—"

"माझा अहवाल मी अजून दिलेला नाही," बाई म्हणाल्या. "त्यात खुर्च्यांबद्दलही एक परिच्छेद घालता येतो."

अण्णा खोकले. बाईंनी टेबलावरचा फोन संचालकांच्या पुढ्यात सरकवला आणि रिसीव्हर उचलून त्यांच्या हातात दिला. "आधी कोणाला सांगितलं होतंत, त्यांच्यापासून सुरू करा. आम्ही थांबतो."

पहिला फोन लागायला वेळ लागला. संचालक आधी हवापाण्याचं बोलले, मग घरच्यांची चौकशी केली, मग बाईंच्या नजरेला नजर मिळाली तेव्हा आवाज खाली गेला. "नाही, म्हणजे... मी जे बोललो होतो ते खरं नव्हतं. नाही, तिने काही केलं नव्हतं. काम चोख होतं. हो. मीच म्हणालो होतो. चूक माझी." टोपीवाली दाराशी ताठ उभी राहून एकेक शब्द ऐकत होती.

दुसऱ्या फोनला ती पुढे येऊन खुर्चीवर बसली. तेच शब्द पुन्हा ऐकताना तिचे डोळे वाहू लागले, आणि तिने ते पुसले नाहीत.

तिसरा फोन लागला आणि संचालकांनी तोंड उघडलं, तेव्हा खुर्ची रिकामी होती. वरच्या मजल्यावर कागद टराटरा फाटल्याचा आवाज आला. ती खोक्यातून भांडी काढत होती.